खोकला लागला की कोणती गोळी थांबवायची, हे आधीच लिहून मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, हे आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मात्र ही औषधे चालू असताना छातीत संसर्ग झाला तर पहिल्या दिवशी नेमके काय करायचे, याविषयी रुग्णाच्या हाती लेखी असे काहीच नसते. ती उणीव दूर करणे सहज शक्य आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी या आजाराची जुनी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. तेव्हा पुढील मजकूर वाचून कुणी आपली औषधे आपल्या मनाने बदलू नयेत. आपल्या डॉक्टरांकडे काय मागायचे, एवढे त्यातून घ्यावे.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तिला आवरणारी औषधे सांध्यांपुरती थांबत नाहीत. फुप्फुसात शिरलेल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशीही त्यांनी मंदावतात. अर्थात सगळी औषधे सारख्याच धोक्याची नाहीत, आणि हा फरक आम्हाला क्वचितच कुणी समजावून सांगते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि सल्फासलाझिन यांनी संसर्गाचा धोका फारसा वाढत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट एकटेच असेल तर तो थोडा वाढतो. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने मात्र तो मात्रेगणिक चढत जातो, आणि दिवसाला ५ मिलिग्रॅम ही किरकोळ समजली जाणारी मात्रासुद्धा दीर्घकाळ चालू राहिली तर अगदीच निर्धोक नसते. इन्फ्लिक्सिमॅब, इटानर्सेप्ट, अ‍ॅडालिम्युमॅब यांसारखी टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने सुरू केल्यानंतरचे पहिले काही महिने विशेष जपायचे असतात. त्यातच हा आजार काही जणांच्या फुप्फुसांनाही सोडत नाही. कुणाच्या फुप्फुसांच्या ऊतींना वण पडून त्या ताठर होतात, तर कुणाच्या श्वासनलिका रुंदावून त्यांत कफ साचत राहतो. सांध्यांचा दाह आटोक्याबाहेर गेला तर त्यानेही संसर्गाची शक्यता वाढते. त्यामुळे “ही कडक औषधे कायमची सोडूनच दे ना,” असे जे नातेवाईक मोठ्या आपुलकीने सांगतात, त्यांचे म्हणणे दोन्ही बाजूंनी चुकते.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. आज मेथोट्रेक्सेटचा वार आहे. गेल्या दोन दिवसांपासून खोकला आहे, सकाळपासून अंगात कणकण आहे, बेडका पिवळट पडू लागला आहे. संध्याकाळी गोळ्यांचा डबा उघडून रुग्ण बसलेला असतो आणि गोळी घ्यावी की नाही, हे सांगणारे कुणी नसते. संधिवाततज्ज्ञांची पुढची भेट दोन महिन्यांनंतरची असते. जवळच्या डॉक्टरांकडे गेले तर ते छाती तपासतात, प्रतिजैविक लिहून देतात आणि “सांध्यांच्या गोळ्यांचे तुमच्या त्या डॉक्टरांना विचारा,” असे सांगतात. त्या डॉक्टरांकडे दूरध्वनी केला तर मदतनीस म्हणतात, “ताप आहे ना? मग आधी फिजिशियनना दाखवा.” दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि त्या दोघांच्या मध्ये रुग्ण एकटा उरतो. मग कुणी भीतीपोटी सगळीच औषधे बंद करतो, त्यात स्टेरॉइडही. तर कुणी सांधे उसळतील या धास्तीने न्यूमोनिया अंगावर काढत ठरलेले इंजेक्शन ठरलेल्या दिवशी घेऊन टाकतो. पहिल्या चुकीत अधिक धोका की दुसरीत, हे सांगणे कठीण आहे.

खरे तर याविषयीची वैद्यकीय भूमिका बरीचशी स्पष्ट आहे. नाक वाहते आहे, घसा खवखवतो आहे, पण ताप नाही, अशा साध्या सर्दीत औषधे बहुधा थांबवावी लागत नाहीत. ताप असेल, प्रतिजैविक घ्यावे लागत असेल किंवा धाप लागत असेल, तर मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, बायोलॉजिक इंजेक्शने (म्हणजे टीएनएफसारखे ठरावीक प्रथिन किंवा ठरावीक पेशी लक्ष्य करणारी) आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या संसर्ग आटोक्यात येईपर्यंत थांबवण्यास सांगितले जाते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि सल्फासलाझिन सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेटचा एखाददुसरा डोस चुकल्याने सांधे लगेच आखडून बसतील असे सहसा होत नाही, कारण त्याचा परिणाम ओसरायला काही आठवडे जातात. तापात पाणी कमी पोटात जाते, वर वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मेथोट्रेक्सेट तर मूत्रावाटेच शरीराबाहेर पडते. ते साचून राहू नये, हेही ते थांबवण्याचे एक कारण आहे. काही औषधांच्या बाबतीत मात्र थांबवणे हे नावापुरतेच असते. लेफ्लुनोमाइड शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते. संसर्ग गंभीर असेल तर ते बाहेर काढण्यासाठी रुग्णालयात वेगळे औषध द्यावे लागते. रिटुक्सिमॅब या बायोलॉजिक इंजेक्शनचा परिणाम तर कित्येक महिने टिकतो, म्हणून “शेवटचे इंजेक्शन केव्हा घेतले होते?” या प्रश्नाचे उत्तर महिन्यासकट रुग्णाजवळ तयार असावे.

स्टेरॉइडची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले आणि १९५० मध्ये त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या जुन्या औषधाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा नियम अजूनही घरोघरी पोहोचलेला नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ प्रेडनिसोलोन घेतले, की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करतात. एरवी आजारपणात याच ग्रंथी कॉर्टिसोलचे प्रमाण वाढवून शरीराला सावरतात. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केली तर मळमळ, उलट्या, टोकाचा थकवा, रक्तदाब खाली जाणे, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर प्राणावर बेतणे, इथपर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून छातीच्या संसर्गात स्टेरॉइड बंद करायचे नसते. उलट काही दिवस त्याची मात्रा वाढवावी लागू शकते, आणि किती वाढवायची हे डॉक्टरांनीच सांगायचे असते. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर तेवढ्या एकाच कारणासाठीही रुग्णालय गाठावे. “सगळ्या गोळ्या चार दिवस बंद ठेवा,” असा मोघम तोंडी सल्ला किती घातक ठरू शकतो, हे यावरून लक्षात यावे.

दुसरी अडचण अशी की या रुग्णांमध्ये संसर्ग नेहमीच्या खुणा दाखवीलच असे नाही. स्टेरॉइड आणि वेदनाशामके ताप दाबून टाकतात. टोसिलिझुमॅब हे बायोलॉजिक घेणाऱ्यांमध्ये तर सीआरपी ही दाह मोजणारी रक्तचाचणी न्यूमोनिया असतानाही जवळजवळ सामान्य येऊ शकते, कारण यकृतात सीआरपी बनवण्याचा आदेश देणारा संदेशच हे औषध अडवते. तपासणाऱ्या डॉक्टरांना औषधाचे नाव माहीत नसेल तर तो अहवाल पाहून ते निर्धास्त होतात आणि रुग्णाला घरी पाठवतात. अशा वेळी तापमापकापेक्षा श्वासावर अधिक विसंबावे. रुग्ण शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, घरातल्या कुणीतरी घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट छातीचे वर-खाली होणे मोजावे. सांगून मोजले की माणूस नकळत वेगळाच श्वास घेऊ लागतो. प्रौढ माणसाचे साधारणपणे १२ ते २० श्वास होतात. विश्रांती घेत असतानाही ते पंचविशीच्या पुढे गेले तर वाट पाहू नये; ३० किंवा त्याहून अधिक श्वास हे तर गंभीर न्यूमोनियाचे लक्षण मानतात. वृद्ध रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागणे, खोल श्वास घेताना छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ येणे, बेडक्यात रक्त दिसणे, ओठ निळसर होणे, यांपैकी काहीही दिसले तरी तेच. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर उपयोगी खराच, पण आमच्या बोटांवर तो पुष्कळदा फसतो. बोट थंडगार असते, पेर सुजलेले असते, चिमटा वाकड्या बोटावर नीट बसत नाही, आणि पडद्यावरचा आकडा ८८ वरून ९५ वर, तिथून पुन्हा ९० वर नाचत राहतो. हात आधी ऊबदार करून घ्यावा, नखाला रंग असेल तर तो काढावा, त्यातल्या त्यात सरळ बोट निवडावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. तब्येत बरी असताना आपला आकडा किती असतो याची नोंदही असावी. ज्यांच्या फुप्फुसांना आधीच इजा झालेली आहे, त्यांच्यासाठी तुलना त्या आकड्याशीच करायची असते. एरवी फुप्फुसे निरोगी असणाऱ्याचा आकडा ९२ च्या खाली गेला तर घरी थांबण्यात अर्थ नाही.

खोकला आणि धाप म्हणजे संसर्गच, असेही गृहीत धरता येत नाही. मेथोट्रेक्सेटमुळे क्वचित फुप्फुसांना थेट सूज येते. हे बहुधा औषध सुरू केल्यापासून पहिल्या वर्षात घडते. कोरडा खोकला, चढत जाणारी धाप आणि ताप ही त्याची लक्षणे असतात, आणि प्रतिजैविकांचा त्यावर काही उपयोग होत नाही. एकामागून एक तीन प्रतिजैविके बदलून पाहण्यात आठवडे घालवण्यापेक्षा छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन वेळीच व्हायला हवा, आणि निदान होईपर्यंत मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी घेऊ नये.

क्षयाचे तर नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. टीएनएफ अडवणारी औषधे वापरात आल्यावर थोड्याच काळात, २००१ मध्ये, ती घेणाऱ्यांमध्ये सुप्तावस्थेतला क्षय जागा होत असल्याचे वैद्यकीय नियतकालिकांतून पुढे आले. क्षयाचे जंतू फुप्फुसात ज्या पेशींच्या गाठींमध्ये कोंडलेले असतात, त्या गाठींची तटबंदी टिकवण्याचे काम टीएनएफच करते. तेव्हापासून ही इंजेक्शने देण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करण्याचा प्रघात पडला. चाचणीत सुप्त क्षय आढळला तर त्यावरचे औषध आधी किमान महिनाभर देऊन मगच इंजेक्शन सुरू करतात. तथापि आधीपासून स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये या चाचण्या खोट्या नकारार्थी येऊ शकतात, आणि चाचणीनंतरही क्षयाची नव्याने लागण होऊ शकते. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, रात्रीचा घाम आणि घटते वजन यांकडे “औषधांमुळे होत असेल” म्हणून पाहू नये. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंनाही काही प्रमाणात दाबतात. त्यामुळे चार दिवस बरे वाटते आणि खरे निदान लांबते.

प्रतिजैविकांच्या निवडीविषयी आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छिते. माझ्या ओळखीच्या एका बाईंना खोकल्यासाठी को-ट्रायमोक्साझोल लिहून दिले गेले. त्या मेथोट्रेक्सेट घेतात हे लिहून देणाऱ्यांना माहीत नव्हते, आणि त्यांना कुणी विचारलेही नव्हते. औषधाच्या दुकानातील माणसाने पिशवीतली जुनी चिठ्ठी पाहिली आणि “हे दोन्ही एकत्र चालणार नाही, आधी डॉक्टरांना विचारून या,” असे सांगितले, म्हणून निभावले. ही दोन्ही औषधे शरीरातील फोलेट या जीवनसत्त्वाच्याच मार्गावर आघात करतात; शिवाय को-ट्रायमोक्साझोलमुळे मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडणे मंदावते. परिणामी अस्थिमज्जेतील रक्तपेशींचे उत्पादन कोसळू शकते: तोंडात व्रण, अंगावर निळे डाग, आणि ज्या पांढऱ्या पेशींनी संसर्गाशी लढायचे त्यांचाच तुटवडा. (तज्ज्ञ काही रुग्णांना एका विशिष्ट न्यूमोनियापासून बचाव म्हणून को-ट्रायमोक्साझोल देतात, पण तो रक्तचाचण्यांवर नजर ठेवून घेतलेला वेगळा निर्णय असतो.) लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन स्टेरॉइडसोबत घेतली तर टाचेमागचा स्नायुबंध तुटण्याचा धोका वाढतो, आणि अझिथ्रोमायसिन हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनसोबत घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. याचा अर्थ ही प्रतिजैविके कधीच द्यायची नाहीत असा नाही. पण देणाऱ्याला आधीची औषधे माहीत असायलाच हवीत.

या साऱ्यात एक बाजू अशी आहे, जी वैद्यकीय लेखांत सहसा येत नाही. छातीत कफ भरलेला आणि मनगटे सुजलेली, अशा अवस्थेत मध्यरात्री खोकल्याची उबळ आली, की उठून बसण्यासाठी हाताचा रेटा द्यावा लागतो आणि नेमके तेच जमत नाही. कोपराने रेटा द्यायचा, पाय खाली सोडायचे, तोवर उबळ येऊन गेलेली असते आणि कफ जिथल्या तिथेच. उशाखाली जादा उशा लावून अर्धवट बसूनच झोपल्यास ही कसरत वाचते. छातीशी उशी घट्ट धरून खोकल्यास बरगड्यांचे सांधे कमी दुखतात. जोर लावून खोकण्याऐवजी, तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ सोडतो तसा लांब श्वास सोडल्यास कफ वर सरकतो. फिजिओथेरपिस्ट हे एका बैठकीत शिकवतात, पण त्यांच्याकडे जा असे आपणहून क्वचितच कुणी सांगते. इन्हेलरची कळ दाबण्याएवढी ताकद अंगठ्यात नसेल तर ती दाबायला मदत करणारे साधन मिळते. इन्हेलरला स्पेसर, म्हणजे औषध नीट आत ओढता यावे म्हणून लावायची पोकळ नळीही जोडून घ्यावी. औषधाच्या बाटलीचे झाकण तर लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून केलेले असते; ते आम्हालाही उघडत नाही. रात्रीचा डोस संध्याकाळीच कुणाकडून तरी उघडून ठेवावा.

प्रतिबंधाविषयी थोडक्यात लिहिते. दर वर्षी इन्फ्लुएन्झाची (इंजेक्शनची) आणि डॉक्टर सांगतील तशी न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस घ्यावी. या निर्जीव लसी असल्याने आम्हाला चालतात. सजीव जंतूंच्या लसी सहसा टाळल्या जातात. आजार आटोक्यात असेल तर इन्फ्लुएन्झाच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवल्यास लस अधिक लागू पडते असे आढळले आहे, आणि रिटुक्सिमॅब सुरू करायचे असेल तर शक्य त्या लसी त्याआधीच घ्याव्यात. धूम्रपानाने हा आजारही बळावतो आणि छातीही बिघडते. राहता राहिली प्रतिकारशक्ती “वाढवणारी” चूर्णे, काढे आणि गोळ्या, ज्यांच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांची पाने भरलेली असतात. ज्या यंत्रणेच्या अतिउत्साहामुळे आमचे सांधे झिजतात, तिलाच चिथावण्याचा दावा करणारी वस्तू आम्ही का घ्यावी, याचे उत्तर मला कुठल्याही जाहिरातीत मिळालेले नाही. त्यांपैकी काहींचा यकृतावर होणारा परिणाम मेथोट्रेक्सेटच्या जोडीने अधिकच महागात पडू शकतो.

माझी मागणी अगदी साधी आहे. प्रतिकारशक्ती दाबणारे कोणतेही औषध सुरू करताना संधिवाततज्ज्ञांनी रुग्णाला एका कागदावर, त्याला वाचता येईल अशा भाषेत आणि अक्षरात, पुढील मजकूर लिहून द्यावा: ताप किंवा पिवळा-हिरवा कफ आला तर यांपैकी कोणती औषधे थांबवायची, कोणती चालू ठेवायची, स्टेरॉइड कोणत्याही परिस्थितीत बंद करायचे नाही आणि त्याची मात्रा वाढवायची असल्यास किती दिवस व किती, कोणती प्रतिजैविके टाळायची, सुटीच्या दिवशी कोणत्या क्रमांकावर विचारायचे. खाली चालू औषधांची यादी, मात्रा आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख असावी. हा कागद कोणत्याही डॉक्टरांसमोर ठेवला, की “तुमच्या त्या डॉक्टरांना विचारा” हे वाक्य उच्चारण्याची वेळच येणार नाही.

आणि त्याच कागदावर शेवटची एक ओळ हवी, जी देणारे आणि घेणारे दोघेही विसरतात: थांबवलेले औषध पुन्हा केव्हा सुरू करायचे. प्रतिजैविकाचा कोर्स पुरा झाला, ताप गेला, धाप ओसरली, की सहसा मेथोट्रेक्सेट पुढच्या ठरलेल्या वारी सुरू करता येते. न्यूमोनियाने रुग्णालयात राहावे लागले असेल तर बायोलॉजिक पुन्हा द्यायचे की बदलायचे, याचा विचार तज्ज्ञांना नव्याने करावा लागतो. ही सूचना नसल्यामुळे कित्येक जण बरे झाल्यावरही औषधाविना राहतात, मग सांधे उसळतात, ते शमवण्यासाठी स्टेरॉइडची मात्रा वाढवली जाते, आणि त्या वाढीव मात्रेने पुढच्या छातीच्या संसर्गाची वाट मोकळी होते.

आपली,
एक वाचक